गुंतवणुकीच्या घराचं रूप पालटताना: आधी हिशेब, मग रंग

विकायला किंवा भाड्याने द्यायला म्हणून घेतलेल्या जुन्या घरात दोन जातीचे दोष सापडतात. काही नुसते डोळ्यांना खुपतात: कळकट भिंती, काळे पडलेले टाइल्सचे सांधे, पिवळट स्विच, एका बिजागरीवर लोंबणारं कपाटाचं दार. काही मात्र घरात मुरलेले असतात: भिंतीत गळणारा पाइप, खचलेला पाया, जीर्ण वायरिंग, छतातून झिरपणारं पाणी. पहिल्या जातीच्या दोषांमुळे घराचा भाव जेवढा पडतो, त्याहून कमी पैशांत ते दूर करता येतात. वरवरच्या नूतनीकरणाचा सगळा फायदा या फरकात आहे. दुसऱ्या जातीचं घर पहिल्या जातीचं समजून घेतलं, तर कितीही सुबक रंग दिला तरी पैसे वसूल होत नाहीत.

म्हणून रंगाच्या दुकानात जाण्याआधी दोन कामं करायची: पाहणी आणि हिशेब.

घेण्याआधीची पाहणी

सोबत चांगला टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, स्पिरिट लेव्हल, मोजपट्टी आणि एखादं नाणं असलं की पुरतं. घर दिवसा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर बघावं.

भिंतीवरच्या केसासारख्या भेगा गिलावा सुकताना पडलेल्या असतात, त्या लांबी (पुट्टी) भरून जातात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, ५ मिमीपेक्षा रुंद किंवा एका टोकाला जास्त फाकलेली भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. जवळचं दार चौकटीत अडकत असेल तर संशय आणखी बळावतो.

ओलीचा डाग कुठे आहे यावरून पाणी कुठून येतं ते बऱ्याचदा कळतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा दिसला, तर ओल जमिनीतून चढते आहे. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर किंवा खालच्या छतावर डाग असेल, तर गळती सांध्यांतून किंवा पाइपमधून. खोलीच्या थंड कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल आणि भिंत आतून कोरडी असेल, तर ती बहुधा हवेतल्या दमटपणाची, म्हणजे वायुवीजन सुधारून आटोक्यात येणारी. शंका असेल तर ४५ सेंमी चौरस जाड प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवायचं. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी हवेतलं आहे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर भिंतीतलं.

सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढा. धार फारच मंदावली किंवा पाणी तुंबलं, तर विषय नुसते नळ बदलण्याचा राहत नाही. सिंकखालच्या कपाटाचा तळ बोटाने दाबून बघा. लगदा झालेली लाकडी फळी फुगीर आणि मऊ लागते. टाइल्सवर नाण्याने टकटक करत जा. भरीव टाइलचा आवाज टणक येतो, सुटलेलीचा बद्द. एखाददुसरी बद्द असेल तर चालेल, ओळीच्या ओळी तशा असतील तर फरशी उखडावी लागेल. लाकडी चौकटींच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचा, तो सहज रुतला तर लाकूड कुजलं आहे. अर्थिंग नसलेले सॉकेट, गरम लागणारे स्विच, काळवंडलेल्या प्लेट्स दिसल्या तर इलेक्ट्रिशियनची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

यातलं काही निघालं म्हणजे घर सोडूनच द्यावं असं नाही. पण त्या कामाचा वेगळा लेखी अंदाज घ्यायचा आणि तेवढी रक्कम भावातून वळती करायची. विकणारा तयार नसेल तर त्याला नमस्कार करून दुसरं घर बघायचं.

हिशेब उलटा मांडायचा

बहुतेक जण खरेदीच्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवतात आणि विक्रीच्या अपेक्षित किमतीतून ही बेरीज वजा करून नफा काढतात. हा हिशेब अर्धवट आहे. समजा घर १०० ला घेतलं. खरेदीचे कर, नोंदणी, वकील मिळून ६. दुरुस्ती ६. अनपेक्षित खर्चासाठी १. चार महिने घर हातात राहिलं, त्याचं व्याज, कर, विमा, वीज मिळून ३. विकताना दलाली आणि कागदपत्रं ३. एकूण ११९. घर १२० ला विकलं तर किंमत २० ने चढलेली दिसते, हातात मात्र १ पडतो. विक्रीला आणखी दोन महिने लागले तर तोही जातो.

उलटा हिशेब असा: हे घर तयार झाल्यावर खात्रीने कितीला जाईल? समजा १२०. नफा १० हवा. उरले ११०. त्यातून दुरुस्ती, राखीव रक्कम, हातात ठेवण्याचा आणि विकण्याचा खर्च मिळून १३ वजा केले की ९७. यातूनच खरेदीचे ६ टक्केही भागायला हवेत, म्हणून ९७ ला १.०६ ने भागा. उत्तर येतं सुमारे ९१.५. याहून वर गेलात तर नफा रंगकामातून भरून निघणार नाही.

१२० हा आकडा मनाने ठरवायचा नसतो. त्याच वस्तीतली, साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाची, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकली गेलेली तीन ते पाच घरं शोधा आणि दर चौरस मीटरचा भाव काढा. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. त्या घरांचे फोटो बघताना स्वयंपाकघर, बाथरूम आणि फरशी कशी आहे ते लिहून ठेवा. तुमच्या कामाची पातळी तिथेच ठरते. तेवढ्यापर्यंत पोचायचं, फार तर अर्धं पाऊल पुढे जायचं. साध्या वस्तीतल्या घरात महागडा दगडी ओटा घातला तर घेणारा खूश होतो, पण पैसे वस्तीच्या भावाचेच देतो.

भाड्याच्या घराचं गणित वेगळं. दुरुस्तीला पाच महिन्यांच्या भाड्याइतका खर्च आला आणि भाडं १० टक्क्यांनी वाढलं, तर वर्षाला १.२ महिन्यांचं भाडं जास्त मिळतं. म्हणजे वसुलीला चार वर्षांहून अधिक. घर एक महिना लवकर भाड्याने गेलं तर तो महिना याच हिशेबात धरा, पुष्कळदा खरा फायदा तिथेच असतो. भाड्याच्या घरात टिकाऊपणाला आणि सहज बदलता येण्याला महत्त्व द्यायचं, विक्रीच्या घरात पहिल्या नजरेत कसं दिसतं त्याला.

राखीव रक्कम दुरुस्तीच्या १० ते २० टक्के धरा. घर जितकं जुनं, तितकी ती वरच्या टोकाला.

कामाचा क्रम

क्रम चुकला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. ढोबळ क्रम असा:

१. गळती, ओल, वायरिंग, नळाचे पाइप. ओली भिंत पूर्ण वाळेपर्यंत पुढे जायचं नाही.
२. काढायचं ते सगळं काढणं: वॉलपेपर, जुना गालिचा, मोडके दिवे, हँडल.
३. टाइल्सची दुरुस्ती आणि लाकडी फरशी असेल तर तिची घासाई, कारण धूळ सगळीकडे बसते.
४. लांबी, घासणं, प्रायमर.
५. छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या.
६. नवी लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या दाबीव फळ्यांची) किंवा व्हिनाइल (प्लॅस्टिकची) फरशी आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी).
७. कपाटांची दारं, हँडल, नळ, दिवे, स्विचच्या प्लेट्स.
८. सिलिकॉनच्या कडा, रंगाचं टचअप, सफाई.

साधारण ६०-७० चौरस मीटरच्या घराला तीन ते चार आठवडे धरावेत. रंगारी आणि फरशीवाला एकाच खोलीत एकाच दिवशी बोलावू नयेत, दोघांचंही काम बिघडतं आणि मग एकमेकांकडे बोट दाखवणं सुरू होतं.

भिंती

खर्चाच्या मानाने रूप सर्वात जास्त पालटतं ते रंगाने. आणि घाईने बिघडतंही तेच काम.

आधी मोजमाप. खोली ४ बाय ३ मीटर, उंची २.७ मीटर. चार भिंतींची लांबी १४ मीटर, गुणिले २.७ म्हणजे ३७.८ चौरस मीटर. दार ०.९ बाय २.१ आणि खिडकी १.५ बाय १.२ वजा केली की सुमारे ३४. एक लिटर इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतं. नव्याने लांबी केलेल्या भिंतीला १० च धरा. दोन हातांना ६८ चौरस मीटर, म्हणजे ६.८ लिटर, आणि १० टक्के जास्तीचे धरून साडेसात. छत १२ चौरस मीटर, दोन हातांना सुमारे अडीच लिटर. एकाच रंगाचे डबे एकाच बॅचचे घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर एका भिंतीच्या मधोमध छटा बदललेली दिसते.

तयारी करताना पहिला प्रश्न: जुना रंग कोणता आहे? कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा. रंग बोळ्यावर उतरला तर तो पाण्यातला, नाही उतरला तर तेलातला. तेलाच्या चकचकीत रंगावर सरळ इमल्शन मारलं तर काही महिन्यांत त्याचे पापुद्रे नखाने निघतात. तिथे पृष्ठभाग १८० नंबरच्या सँडपेपरने घासून चमक मारायची आणि चिकटणारा बाँडिंग प्रायमर लावायचा.

इथे एक सावधगिरी. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की ते धुळीतून श्वासात जातं. तपासणीचं किट वापरा, शिसं निघालं तर घासणं थांबवून जाणकाराला बोलवा. जुनी व्हिनाइल टाइल, तिच्याखालचा गोंद, खडबडीत नक्षीचं छत यांत अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासात गेले तर घातक ठरणारे तंतू, असू शकतं. तेही फोडायचं किंवा घासायचं नाही.

मग भिंत धुवा, विशेषतः स्वयंपाकघरातली आणि स्विचच्या आजूबाजूची. तेलकट थरावर काहीही चिकटत नाही. लोणा मात्र कोरड्या ब्रशने झाडायचा. पाणी मारलं तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. सुटलेले पोपडे खरवडणीने काढा, कडा घासून सपाट करा. भेग थोडी रुंद करून धूळ काढा आणि लांबी दोन-तीन पातळ थरांत भरा. एकच जाड थर वाळताना आकसतो आणि पुन्हा खड्डा दिसतो. घासायला आधी १२०, शेवटी २२० नंबर.

यानंतर बहुतेक जण जिथे आळस करतात ती पायरी: लांबी लावलेल्या प्रत्येक जागी प्रायमर. लांबी रंग शोषून घेते, म्हणून प्रायमर न मारलेल्या जागा वाळल्यावर मंद ठिपक्यांसारख्या दिसतात. समोरून बघताना कळत नाही, संध्याकाळच्या तिरक्या उजेडात संपूर्ण भिंत ठिगळं लावल्यासारखी वाटते. तिसरा हात मारूनही ते लवकर जात नाही. पाण्याचे पिवळे डाग आणि सिगारेटच्या धुराचा थर यांवर साधा पाण्यातला प्रायमर पुरत नाही, डाग त्यातून वर येतो. तिथे शेलॅकचा (लाखेचा) किंवा तेलातला डाग रोखणारा प्रायमर हवा. प्राण्यांचा, धुराचा वास मुरलेल्या भिंतीलाही हाच उपाय चालतो. नवा गिलावा केला असेल तर त्याला साधारण चार आठवडे वाळू द्यावं.

प्रत्यक्ष रंग देताना कडा ब्रशने ओढून लगेच रोलर फिरवायचा, कड ओली असतानाच. चारही भिंतींच्या कडा आधी रंगवून ठेवल्या की वाळलेल्या कडेवर रोलरची पट्टी वेगळी उठून दिसते. रोलर भिंतीवर फार पिळू नये. रंग ताणला की खालचा थर डोकावतो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा चारेक तास, पाळा. मास्किंग टेप शेवटचा हात किंचित ओला असताना ४५ अंशांत ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची साल सोबत येते.

रंग कोणता? छताला मॅट, म्हणजे बिनचमकीचं, कारण मॅट फिनिश उंचसखलपणा झाकतं. भिंतींना विक्रीसाठी मॅट किंवा हलकं सॅटिन (मंद चमकीचं), भाड्याच्या घरात पुसता येणारं सॅटिन. दारं आणि चौकटींना सेमी ग्लॉस. छटेबाबत डब्याच्या माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० म्हणजे उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा उजेड परत पाठवणारा पांढरा. मुख्य खोल्यांना ६० ते ८० च्या दरम्यानची उबदार पांढरी किंवा फिकट बेज छटा बिनधोक. उत्तरेकडच्या किंवा अंधाऱ्या खोलीत झगझगीत पांढरा करडा आणि आजारी दिसतो. संपूर्ण घराला एकच छटा वापरली की घर मोठं वाटतं आणि पुढच्या भाडेकरूनंतर एका डब्यात टचअप होतो. गडद निळ्या भिंतीचा मोह आपल्या स्वतःच्या घरासाठी राखून ठेवावा.

फरशी

जुनी फरशी शाबूत असेल तर तिला धुऊन, सांधे भरून, पॉलिश करून ठेवणं सर्वात स्वस्त. लाकडी फरशी घासायची तर ४०, मग ६०, मग १०० नंबर, मधला टप्पा गाळायचा नाही. गाळला की आधीच्या कागदाच्या रेघा पॉलिशखाली चमकतात. फळ्यांचा वरचा थर आधीच पातळ झाला असेल तर घासाई टाळा.

वरून लॅमिनेट किंवा क्लिकचं (एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांचं) व्हिनाइल बसवायचं असेल तर खालची फरशी २ मीटर लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त उंचसखल नको. उंचवटे घासून, खड्डे सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणाऱ्या) मिश्रणाने भरून घ्या. हे टाळलं की चालताना फळी दबते, आणि कुलपासारखे अडकवलेले सांधे वर्षभरात तुटायला लागतात. लॅमिनेटची पेटी बंदच, आडवी, त्याच खोलीत ४८ तास ठेवा. भिंतीलगत चारही बाजूंनी ८ ते १० मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट सोडली नाही तर दमट ऋतूत फळ्या फुगून खोलीच्या मध्ये उंचवटा उठतो.

मालाचा हिशेब: सरळ रचनेला १० टक्के, तिरक्या किंवा हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) रचनेला १५ टक्के जास्त. १२ चौरस मीटरच्या खोलीला १३.२, पेटीत २.२ असेल तर सहा पेट्या. आणखी एक पेटी घेऊन जपून ठेवा, तोच माल दोन वर्षांनी मिळेल याची खात्री नसते. पहिली ओळ मांडण्याआधी खोलीची रुंदी मोजून शेवटची ओळ किती रुंद उरते ते काढा. ५ सेंमीपेक्षा अरुंद उरत असेल तर पहिली ओळही कापून दोन्हीकडे वाटून घ्या. शेजारच्या ओळींचे सांधे किमान ३० सेंमी सरकलेले हवेत. फरशी उंचावल्यावर दारं घासतील, तेव्हा खालून कापायचा खर्च आधीच धरा. लॅमिनेट बाथरूममध्ये घालू नये, त्याच्या सांध्यांत पाणी शिरलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

स्वयंपाकघर

इथे निर्णय एकाच गोष्टीवर: कपाटाची पेटी, म्हणजे बाजूच्या आणि तळाच्या फळ्या, धड आहेत का? धड असतील तर सगळं उखडण्याचं कारण नाही. एकच सिंकखालचं कपाट सडलं असेल तर तेवढंच बदला.

दारं ठीक असतील तर नुसती हँडल बदलून पुष्कळ फरक पडतो. जुन्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजा; ते बहुधा ९६, १२८, १६० किंवा १९२ मिमी असतं. त्याच मापाचं हँडल घेतलं तर दाराला नवं भोक पाडावं लागत नाही. अंतर वेगळं हवं असेल तर मागे लांबट पट्टी असलेलं हँडल जुनी भोकं झाकतं. लोंबलेली दारं बहुतेकदा बिजागरीचे स्क्रू फिरवून सरळ होतात. भोकाची जागा खिळखिळी झाली असेल तर लाकडाची काडी गोंदात बुडवून ठोका, वाळू द्या, मग स्क्रू फिरवा. बिजागरीची गोल खाच सहसा ३५ मिमीची असते, त्यामुळे सॉफ्ट क्लोज (दार हळू मिटवणारी) बिजागरी बऱ्याच दारांत थेट बसते.

दारं रंगवायची तर:

१. प्रत्येक दारावर आणि त्याच्या जागेवर एकच क्रमांक लिहून दारं उतरवा. खूण बिजागरीच्या खाचेत करा, तिथे रंग जात नाही.
२. तेल उतरवणाऱ्या साबणाने दोनदा धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा, वाळवा.
३. १८०-२२० नंबरने घासा, धूळ ओलसर फडक्याने टिपा.
४. चिकटणारा प्रायमर एक हात. लॅमिनेट किंवा फॉइलच्या (वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) दारांना हा नसेल तर बाकी सगळं फुकट. फॉइलच कडेला सुटली असेल तर ते दार रंगवू नका, बदला.
५. फर्निचरसाठीचा कठीण रंग, दोन पातळ हात, फोमच्या रोलरने. दोन हातांमध्ये २२० नंबरने हलकं घासा.
६. दारं आडवी ठेवून वाळवा, निदान दोन दिवसांनी बसवा.

हाताला कोरडा लागला म्हणून रंग पिकला असं नाही. तो पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी दारं घट्ट बंद राहिली तर चौकटीला चिकटून रंग उपटतो. म्हणून रबराचे छोटे ठिपके कोपऱ्यांत लावा आणि घर दाखवायला सुरुवात करण्याच्या तारखेआधी एवढे दिवस हाताशी ठेवा.

बाथरूम

टाइल्स घट्ट बसलेल्या असतील तर सांधे नव्याने भरणं हे इथलं सर्वात मोलाचं काम. जुनं ग्राउट, म्हणजे सांध्यांतलं भरण, खरवडणीने किंवा मल्टीटूलने निदान २-३ मिमी खोल काढा. जुन्याच्या वरून लेप दिला तर तो काही आठवड्यांत खपल्यांसारखा निघतो. धूळ व्हॅक्यूमने ओढा. मिश्रण टूथपेस्टइतकं घट्ट करून पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि पुन्हा ढवळा. पाणी वाढवलं तर सांध्याचा रंग ठिकठिकाणी फिका पडतो. रबरी पट्टीने सांध्याच्या तिरक्या दिशेने दाबून भरा. पंधरा-वीस मिनिटांनी चांगला पिळलेला स्पंज तसाच तिरका फिरवा, सांध्याच्या दिशेने फिरवला तर भरलेलं बाहेर निघतं.

भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा, टब किंवा बेसिनची कड इथे ग्राउट नव्हे, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. हे सांधे हलतात, ग्राउट तिथे तडकतंच. जुनं सिलिकॉन पूर्ण काढा, कारण नवं जुन्याला चिकटत नाही. स्पिरिटने पुसा, कोरडं करा. टब असेल तर सिलिकॉन भरण्याआधी तो पाण्याने भरून ठेवा, म्हणजे वजनाने फट जितकी उघडायची तितकी उघडते. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा. २४ तास त्या बाजूला पाणी लागू द्यायचं नाही.

टाइलवर रंग देता येतो, पण तो भिंतीपुरता. शॉवरखालच्या फरशीवर लवकर उखडतो. कमोडचं सीट, शॉवरचं डोकं, आरसा आणि नळ एकाच धातूच्या रंगात बदला. नळ बदलताना मागच्या लवचीक नळ्याही बदला. जुन्या नळीतून गळती झाली तर खालच्या घराचं छत तुमच्या खर्चात रंगवावं लागेल. एक्झॉस्ट पंखा जाळीला लावलेला कागद धरून ठेवतो का बघा. धरत नसेल तर हे सगळं सजवलेलं पुन्हा बुरशीने भरेल.

दिवे, दारं, दर्शनी बाजू

बसण्याच्या आणि झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे दिवे (हा आकडा उजेडाच्या छटेचा, कमी म्हणजे जास्त पिवळसर), ओट्यावर ४००० पर्यंत चालतात. एका नजरेत येणाऱ्या दिव्यांचा केल्विन एकच ठेवा, नाहीतर नवा रंगही दोन प्रकारचा दिसतो. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या पुढचा घ्या. ओट्यावर ३०० ते ५०० लक्स हवेत, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ल्युमेन (दिव्यातून येणाऱ्या उजेडाचं माप) पोचले पाहिजेत. पिवळ्या स्विच प्लेट्स सगळ्या एकदम बदला. वायरला हात लावायचा तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

मुख्य दार घासून रंगवा, कडी, बिजागरी, घराचा क्रमांक आणि बेल नवी लावा. काचा आतून-बाहेरून धुवा. बाग असेल तर वाळलेलं काढून, कडा नीट कापून थांबा; तिच्यावर याहून जास्त खर्च करू नये.

कामगार आणि पैसे

'संपूर्ण घर रंगवणे' असं लिहिलेला अंदाजपत्रकाचा कागद भांडणाचं मूळ आहे. खोलीनिहाय लिहून घ्या: लांबीचे किती थर, प्रायमर कोणता, रंगाचे किती हात, कोणता माल, कोण आणणार, कचरा कोण नेणार. तीन अंदाज मागवा. सर्वात स्वस्तामध्ये बहुधा तयारीच गाळलेली असते, ती कुठे गाळली ते विचारा. आगाऊ रक्कम मालापुरती, मग टप्पा पूर्ण होईल तशी, आणि शेवटचे १० टक्के उणिवांची यादी संपल्यावर. ठरल्यापेक्षा जास्तीचं काम तोंडी सांगायचं नाही. एक ओळीचा मेसेज पुरतो, पण त्यात रक्कम आणि दिवस हवेत.

ओल किंवा भेग रंगाखाली लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती काही महिन्यांत वर येतेच, आणि माहीत असलेला दोष लपवला म्हणून विकणाऱ्यावर दावा होऊ शकतो.

सोपवण्याआधी

दिवसा एकदा आणि रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून एकदा फेरी मारा. तिरक्या उजेडात ब्रशचे केस, थेंब, राहिलेले खड्डे सगळं दिसतं. उणिवांवर छोटी टेप चिकटवत जा, यादी आपोआप तयार होते. प्रत्येक दार, खण, नळ, स्विच चालवून बघा.

फोटो सफाईनंतर, पडदे उघडून, सगळे दिवे लावून काढा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, कोपऱ्यातून, उभ्या रेषा सरळ. कामाआधीचे फोटो त्याच जागांवरून काढून ठेवलेले असले तर पुढच्या घराच्या वेळी कशाने किती फरक पडला ते तुलनेने कळतं.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरून त्यावर कंपनी, छटेचा कोड, फिनिश, खोली आणि तारीख लिहा. ग्राउटचा रंग, फरशीच्या पेटीवरचा क्रमांक, हँडलचं माप एका कागदावर उतरवून तो वीज मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. भाडेकरू बदलला की रंगाऱ्याला पहिला फोन करण्याआधी हाच कागद बघायचा असतो.